देवापुढे नम्र व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी नागपूरजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात, घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, शाळेत असल्यापासून चर्चच्या कॉयरमध्ये. गेलं वर्षभर उपदेश, प्रार्थना, गीतं यांतलं काहीच आत पोचत नाही. घरी बायको म्हणते, "तुला काही सांगायची सोयच नाही." पाळकांशी बोललात, तर ते म्हणाले, "मन कठीण झालंय, देवापुढे नम्र व्हा." आता तुम्ही विचारताय की नम्र व्हायचं म्हणजे करायचं काय, ठरवून नम्र झालं तर ते नाटक नाही का, पाळक म्हणतील ते सगळं मान्य करणं म्हणजे नम्रता का, आणि शेवटी, कॉयर सोडावं का.

मी पाळक होतो, आता निवृत्त आहे. नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत सेवा केली. हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ वेळा आलाय. दोन मोसमांत तो जास्त येतो, एक उपवासकाळात आणि दुसरा पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीनंतर. दुसऱ्या मोसमात तो बहुधा दुसऱ्याविषयी असतो, "अमक्याला जरा नम्र व्हायला सांगा" असा. तुम्ही स्वतःविषयी विचारताय, त्यामुळे उत्तर द्यायला बरं वाटतंय.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. काहीच आत पोचत नाही, याची कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि तुमचं कोणतं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. झोप उडालीय, भूक नाही, ऑफिसातही रस उरला नाही, मुलाबाळांशी खेळावंसं वाटत नाही, असं असेल तर हा मनाचा कठीणपणा नसून आजार असू शकतो. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. जाऊन या. त्यात विश्वासाची कमतरता नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली आडवा होऊन "आता मला मरू दे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. ते सगळं झाल्यावर मग होरेब डोंगर, जिथे देव त्याच्याशी बोलला. हा क्रम मी कायम लक्षात ठेवलाय.

दुसरं कारण कोरडेपणा. प्रार्थना चालू असते, पण गोडी लागत नाही. हे भल्याभल्या संतांना झालंय आणि त्यात तुमचा दोष असेलच असं नाही. तिसरं कारण कठीणपणा. लोक धीर देताना म्हणतात, "तुला काळजी वाटतेय म्हणजे तुझं मन कठीण नाहीच." हे अर्धंच खरं आहे. मन कठीण झाल्याची हळहळ वाटणं वेगळं आणि कुणी चूक दाखवल्यावर ती ऐकून घेणं वेगळं. पहिलं असून दुसरं नसलेली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं ते तुमच्या बायकोचं. उपदेश आत जात नाही आणि घरच्यांचं बोलणंही आत जात नाही, या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या मांडल्यात. मला त्या एकच वाटतात.

यावर शास्त्रातला जो माणूस मला सगळ्यांत उपयोगी पडलाय तो यहूदाचा राजा योशीया. बायबलमधलं दुसरे राजे हे पुस्तक, अध्याय २२. घाईत वाचून पुढे जाण्यासारखा अध्याय नाही तो. आठव्या वर्षी गादीवर बसलेला हा राजा कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी करवत होता, म्हणजे वयाच्या पंचविशी-सव्विशीत. देवाच्या कामातच होता, तुमच्यासारखा. आणि त्याच मंदिरात महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. ग्रंथ हरवला होता तो देवाच्या घरातच. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाने इथे जरा थांबावं. शाफान चिटणीस राजाकडे गेला तो आधी पैशांचा हिशेब घेऊन, मजुरांना किती दिलं ते सांगायला. हिशेब झाल्यावर सहज सांगावं तसं त्याने सांगितलं की हिल्कीयाने मला एक ग्रंथ दिलाय. आणि त्याने तो वाचला.

राजाने ऐकलं आणि आपली वस्त्रं फाडली. पुढे त्याने काय केलं नाही, तेही बघा. "हे आमच्या वाडवडिलांच्या काळचं आहे, माझा काय दोष," असं तो म्हणाला नाही, आणि ते म्हणायला त्याला जागा होती. मूर्तिपूजा मुख्यतः त्याच्या आजोबांची, मनश्शेची देणगी होती. तज्ज्ञांची समिती नेमली नाही. "या वचनांविषयी परमेश्वराला विचारा" म्हणून माणसं पाठवली. ती गेली हुल्दा संदेष्ट्रीकडे, राजाच्या वस्त्रागारावर असलेल्या शल्लूमाच्या बायकोकडे. तिने निरोप दिला तो "तुम्हाला ज्या माणसाने पाठवलं त्याला सांगा" अशा शब्दांत. महाराज वगैरे काही नाही. राजाने तोही निरोप ऐकून घेतला.

त्या निरोपात देव योशीयाविषयी म्हणतो की तू ऐकलंस तेव्हा तुझं मन कोमल झालं आणि तू माझ्यापुढे नम्र झालास, म्हणून मीही तुझं ऐकलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. नम्र होणं आणि कोमल होणं हे दोन्ही इथे ऐकण्याला जोडलेलं आहे. स्वतःला क्षुद्र समजण्याविषयी इथे एक शब्दही नाही. योशीया राजाच राहिला, गादी सोडली नाही, हुकूमही देत राहिला.

आणखी एक गोष्ट आहे, जी उपदेशांतून सहसा सुटते. हुल्दाने सांगितलं होतं की या नगरावरचं संकट टळणार नाही. फक्त योशीयाच्या डोळ्यांदेखत ते येणार नाही. सौदा करणारा माणूस इथे म्हणाला असता, मग कशाला एवढी धडपड? पण अध्याय २३ उघडा. त्याने लोकांना गोळा केलं, ग्रंथ वाचून दाखवला, करार केला, मूर्तिपूजेची उच्चस्थानं पाडली, वल्हांडणाचा सण पाळला. पदरात काही पडणार म्हणून त्याने ते केलं नाही. ऐकलं होतं म्हणून केलं. तुम्ही जर "नम्र झालो की पुन्हा पूर्वीसारखं वाटायला लागेल" या हिशेबाने नम्र व्हायला निघाला असाल, तर त्या हिशेबाकडेही एकदा बघा. वाटायला लागेल की नाही ते मला माहीत नाही.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट. दोन दशकंही उलटली नव्हती. योशीयाचा मुलगा यहोयाकीम गादीवर. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारुखाने लिहिलेली देवाच्या वचनांची गुंडाळी हिवाळ्याच्या महालात त्याच्यापुढे वाचली जात होती, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सबंध गुंडाळी संपेपर्यंत. "जाळू नका" अशी विनवणी करणाऱ्यांत गमऱ्या होता, शाफान चिटणिसाचा मुलगा. आणि शास्त्र मुद्दाम नोंदवतं की राजाने किंवा त्याच्या सेवकांनी आपली वस्त्रं फाडली नाहीत. बापाने ऐकून कपडे फाडले, मुलाने ऐकून पुस्तक फाडलं. कोमल मन वारशाने मिळत नाही, हे "आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आपण शेगडी पेटवत नाही. आपली पद्धत सभ्य आहे. एक गृहस्थ उपासना संपल्यावर दर रविवारी दारात माझा हात धरून म्हणायचे, "पास्टरसाहेब, आज काही लोकांना बरोब्बर लागलं असेल." काही लोकांना! त्याच मंडळीत मेकोसाबागेतल्या एक आजी होत्या, अक्षरओळख जेमतेम. त्या दारात थांबून सांगायच्या, आज काय करणार ते. "शेजारणीशी बोलत नव्हते, आता जाते तिच्याकडे." "सुनेला उगाच बोलले काल, सांगते तिला." उपदेश कसा झाला याविषयी त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या दृष्टीने त्या मंडळीतली सर्वांत कोमल मनाची व्यक्ती त्याच होत्या, आणि स्वभावाने, खरं सांगतो, चांगल्याच फटकळ होत्या. नम्रता आणि मवाळपणा यांची गल्लत होते म्हणून हे सांगितलं.

मग मन कठीण होतं कशाने? मोठ्या पापानेच होतं असं नाही. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेलं बी आठवा. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शेतातली काळी माती आणि धुऱ्यालगतच्या पायवाटेची माती एकच असते. वाटेवरची घट्ट झाली ती रोजच्या पायांनी. तुमच्या बाबतीत ते पाय पवित्र गोष्टींचेच असतील: दर रविवारी दोन गीतं, शुक्रवारी सराव, नाताळचा कार्यक्रम, आणि प्रत्येक वेळी वचन कानावरून जाऊन त्यावर काहीच न घडणं. ऐकून काही न करण्याची सवय ही अजिबात न ऐकण्याहून जास्त घट्ट करते. म्हणून कॉयरवाले, संडे स्कूलचे शिक्षक आणि पाळक या तिघांना हा धोका इतरांपेक्षा अधिक. मोशेच्या काळचा मिसरचा राजा फारो, त्याच्याविषयीही एक बारकावा आहे. बेडकांची पीडा गेली आणि मोकळीक मिळाली असं दिसल्यावर त्याने मन कठीण केलं. संकटात "करतो, करतो" म्हणायचं आणि रिपोर्ट नॉर्मल आला की विसरायचं, ही कथा मी हॉस्पिटलच्या भेटींत फार पाहिली.

करायचं काय, तर मी लोकांना पहिला प्रश्न हा विचारतो: देवाने तुम्हाला शेवटचं स्पष्ट काय सांगितलं होतं, जे तुम्ही अजून केलं नाही? स्वप्न, दर्शन असलं काही नको. वचन वाचताना, उपदेश ऐकताना, कुणाच्या बोलण्यातून "हे माझ्यासाठी आहे" असं लख्ख कळलेलं आणि मग पुढे ढकललेलं. बहुतेकांना ते एका मिनिटात आठवतं आणि बहुतेक वेळा ते लहान, लाजिरवाणं असतं. भावाचे पैसे द्यायचेत. ऑफिसात एकाचं श्रेय घेतलंय. वडिलांना फोन केला नाही. तिथे परत जा आणि ते करा. नवीन काही ऐकू येत नाही अशी तक्रार असते, तेव्हा जुनं पडून असतं, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांच्याच बाबतीत असं असतं असं नाही. कुणाला खरोखर काही आठवत नाही, आणि अशा माणसाने उगाच खोदून पाप काढत बसू नये.

दुसरं, बायकोचं. तिला विचारा, "मला काय सांगता येत नाही?" आणि ती सांगत असताना उत्तर देऊ नका. त्या दिवशी तर नाहीच. तिचं सगळंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही, मला तुमचं घर माहीत नाही. पण चूक-बरोबर ठरवायच्या आधी ऐकणं पूर्ण होऊ द्यायचं. आणि कबुली द्यायची वेळ आली तर ती "पण" न जोडता द्या. शौल आणि दावीद या दोन्ही राजांच्या तोंडी "मी पाप केलं" हे शब्द आहेत. शौल आधी लोकांवर ढकलतो आणि कबुली दिल्यावर शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो, निदान वडीलजनांपुढे माझा मान राख. त्याची चूक दाखवणाऱ्या नाथान संदेष्ट्यापुढे दाविदाचं वाक्य जिथे संपतं तिथे संपतं, पुढे काही नाही. घरात "माझं चुकलं, पण तूही..." हे आपण किती वेळा म्हणतो ते मोजायला नकोच.

तिसरं, वाचन कमी करा. हे पाळकाने सांगावं याचं आश्चर्य वाटेल. वर्षात बायबल संपवायचा तक्ता असेल तर काही काळ बाजूला ठेवा. शुभवर्तमानातल्या दहा-बारा ओळी, दोनदा, सावकाश. नंतर एकच प्रश्न: आज संध्याकाळच्या आत यातलं काय करता येईल? आठवडाभरातलं किंवा आयुष्यभरातलं नको. आजचं. काही सापडलं नाही तर प्रभूची प्रार्थना म्हणून उठा, ओढूनताणून काही काढू नका.

"ठरवून केलं तर नाटक" या शंकेविषयी. नाटकाला प्रेक्षक लागतो. म्हणून सुरुवात अशा जागी करा जिथे प्रेक्षक नाही. खोलीत जाऊन दार लावून घे, हे प्रभूने प्रार्थनेविषयी सांगितलं ते यासाठीच. गुडघे टेकणं मनात भावना असो वा नसो, करता येतं. पेत्राने रात्रभर काही न मिळाल्यावर जाळी टाकली ती "तुम्ही सांगता म्हणून". त्या क्षणी त्याला फार विश्वास वाटत होता असं लूक म्हणत नाही. थकलेला होता, आणि त्याने जाळी टाकली. मात्र साक्षीच्या वेळी उभं राहून "मी किती अयोग्य आहे" हे लांबलचक सांगणं टाळा. ते ऐकायला प्रेक्षक असतात.

पाळकांचं सगळं मान्य करायचं का? नाही. बिरुयाच्या लोकांनी पौलाचंदेखील शास्त्राशी ताडून पाहिलं आणि त्यांचं कौतुकच झालंय. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. मरीयेने "मी प्रभूची दासी" म्हणण्याआधी "हे कसं होईल?" असं विचारलं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कवी ना. वा. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. त्यांनी ती लगेच डोक्याला लावली नाही. वाचली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी गुंतले, प्रश्न विचारत राहिले आणि बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, घरदार दुरावण्याची किंमत मोजून. प्रश्न विचारणारं मन कठीण असतं हा समज काढून टाका. उत्तर मिळाल्यावर ते पुढे काय करतं ते बघायचं.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी १९२९ पासून चालली होती. बालकांना बाप्तिस्मा द्यायचा की समजत्या वयातच, यावर त्यांचं एकमत नव्हतं, आणि कुणीही आपला विश्वास गुंडाळून ठेवला नाही. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. सेवकवर्ग एक करताना, आधीच वर्षानुवर्षं सेवेत असलेल्या पाळकांनी आणि बिशपांनी डोकी वाकवून पुन्हा आशीर्वादाचे हात डोक्यावर ठेवून घेतले. त्यानंतर भांडणं संपली असं नाही, ते आपण सगळे जाणतो. पण मत न सोडता डोकं वाकवता येतं, याचा हा आपल्याच शहरातला दाखला आहे.

एक सावधगिरी मात्र ठामपणे सांगतो. "नम्र हो" हे वाक्य मारहाण सहन करायला, हिशेब न मागायला किंवा गैरप्रकार झाकायला कुणी वापरत असेल, तर ते ऐकू नये. योशीयाच्या मंदिरात मजुरांकडून हिशेब घेतला जात नव्हता, कारण ते विश्वासूपणे काम करत होते. जिथे तसा विश्वास नाही तिथे हिशेब मागण्यात उद्धटपणा नाही. तुमच्या पाळकांनी तसं काही केलंय असं तुमच्या प्रश्नात दिसत नाही. त्यांचं निदान बहुधा बरोबर आहे, औषध सांगायचं राहिलं इतकंच. त्यांच्याकडे परत जा आणि विचारा, "तुम्हाला माझ्यात नेमकं काय दिसलं?" हे विचारणं हेच अर्धं काम आहे.

हे एकदा करून कायमचं सुटतं असंही समजू नका. हाच योशीया एकोणचाळिसाव्या वर्षी मगिद्दोच्या लढाईत गेला. मिसरचा राजा नखो याने "माझं तुझ्याशी वैर नाही, देवाच्या आड येऊ नकोस" असा निरोप पाठवला होता, आणि बायबलमधल्या इतिहासाच्या पुस्तकाचा लेखक सांगतो की ते देवाच्या तोंडचे शब्द होते. योशीयाने ऐकलं नाही. वेष पालटून लढाईत उतरला आणि बाणांनी घायाळ झाला. ज्याने हुल्दाचं ऐकलं त्याला नखोचं ऐकवेना. परक्याच्या, शत्रूच्या तोंडून आलं म्हणून असेल. तुमच्याबाबतीत तो परका कदाचित ऑफिसातला कुणी ज्युनियर असेल, ज्याचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही.

राहिलं कॉयरचं. सोडू नका, पण काही रविवार सुट्टी घ्या. समोर उभं राहून गाण्याऐवजी मागच्या बाकावर बायकोशेजारी बसा, वहीशिवाय, आणि पुढच्या गीताचा सूर मनात न जुळवता उपदेश ऐका. प्रभुभोजनाच्या रविवारी तर नक्की. कुणी विचारलं तर "जरा ऐकायला बसतोय" एवढंच सांगा, मोठं कारण देऊ नका. मात्र हे कॉयरमास्टरला आधी सांगून करा आणि नोव्हेंबरच्या आत उरका. नाताळच्या सरावात टेनर न सांगता गायब झाला, तर नम्रतेची परीक्षा तुमच्याऐवजी त्यांनाच द्यावी लागेल.